पाच जणांचा प्रकल्पगट, १२ आठवडे : सुरुवातीलाच काय काय ठरवून घ्यावं?

निळी शाई

नमस्कार मंडळी. पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा गटप्रकल्प पुढच्या सोमवारी सुरू होतोय. गटात पाच जण आहेत. गट शिक्षकांनी पाडलेत, त्यामुळे एकमेकांची ओळख चेहऱ्यापुरतीच आहे. मुदत १२ आठवडे. शेवटी ४० पानांचा अहवाल, एका सर्वेक्षणाचं विश्लेषण आणि १५ मिनिटांचं सादरीकरण द्यायचंय. गुण गटाला एकत्र मिळतात, पण सहकाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या गुणांप्रमाणे ते प्रत्येकासाठी वरखाली होतात.

"मिळूनमिसळून काम करा" हे सगळेच सांगतात. मला त्याच्या पुढचं हवंय. पहिल्या बैठकीत नेमकं काय ठरवायचं? कामाचे तुकडे कसे पाडायचे? गटप्रमुख नेमावा का? फायलींचा गोंधळ कसा टाळायचा? आणि एखाद्याने कामच केलं नाही तर कोणत्या टप्प्यावर काय करायचं?

---

प्रयोगवही

पहिल्या बैठकीत विषयावर चर्चा करू नका. मोह होतो, पण विषय आठवडाभर थांबू शकतो. त्या दिवशी एवढंच कळायला हवं की पाच जणांकडे मिळून किती वेळ आहे आणि कुणाला काय हवंय.

सुरुवातीची १० मिनिटं कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर चार गोष्टी लिहायच्या. आठवड्याला खरोखर किती तास देता येतील. १२ आठवड्यांतले कोणते दिवस आधीच गेलेले आहेत (परीक्षा, दुसऱ्या विषयाची सबमिशन्स, प्रवास, घरचं कार्य). काय चांगलं येतं आणि काय शिकायचंय. आणि या प्रकल्पात किती गुण मिळाले तर समाधान वाटेल, तो आकडा. मग सगळ्यांनी कागद एकदमच उघडायचे. तोंडी विचारलं की पहिला जे म्हणतो त्याच्याच आसपास बाकीचे बोलतात, म्हणून हा खटाटोप.

गुणांचा आकडा विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच. एकाला ९० हवेत आणि दुसऱ्याला पास होण्यापुरते पुरेत, हे पहिल्या दिवशी कळलं तर त्याप्रमाणे कामं देता येतात. नवव्या आठवड्यात कळलं तर "तो आळशी" आणि "ती अतीच करते" असे शिक्के बसतात. खरं तर दोघंही आपापल्या ठरवलेल्या मापानेच काम करत असतात.

तासांचा हिशेब करा. प्रत्येकी ६ तास धरले तर आठवड्याला ३० तास होतात, १२ आठवड्यांचे ३६०. पण आखणी २८० ते २९० तासांचीच करा, बाकीचे आजारपण आणि दुरुस्त्यांत जातात. शिवाय बैठकही यातूनच वजा होते. दीड तासाच्या दोन बैठका म्हणजे पाच जणांचे १५ तास, आठवड्याचा निम्मा वेळ. म्हणून आठवड्याला एकच बैठक, ४५ मिनिटांची, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. दर वेळी "कधी भेटायचं" यावर चाळीस मेसेज पडले की माणसं तिथेच कंटाळतात.

मग एका पानाचा करार लिहा. त्यातलं प्रत्येक वाक्य असं हवं की ते पाळलं की नाही हे तिसऱ्या माणसालाही सांगता येईल. "सगळ्यांनी जबाबदारीने वागावे" याचा काही उपयोग नाही. हे असं लिहा :

"मेसेजला २४ तासांत उत्तर. काम जमणार नसेल तर तेही उत्तरच, पण ते मुदतीच्या ४८ तास आधी."

"निर्णय शक्यतो एकमताने. १५ मिनिटांत एकमत झालं नाही तर मतदान, आणि नंतर तो विषय नवी माहिती मिळाल्याशिवाय उकरायचा नाही."

यातलं जमत नसेल तर ४८ तास आधी सांगायचं हे कलम सगळ्यात मोलाचं आहे. माणूस काम न झाल्यामुळे गप्प बसत नाही, न झाल्याची लाज वाटते म्हणून गप्प बसतो. "जमत नाही" म्हणण्याला करारातच जागा ठेवली की ही कोंडी बरीच सुटते.

गटप्रमुखाबद्दल. सर्वाधिकारी प्रमुख नको, पण तीन कामांना नावं हवीत. एक समन्वयक, जो विषयपत्रिका आदल्या दिवशी टाकतो आणि बैठक वेळेत संपवतो. एक नोंदी ठेवणारा. आणि एक संपादक, ज्याच्या हातून अहवालाचा शेवटचा शब्द जातो. पहिली दोन कामं दर तीन आठवड्यांनी फिरवा. संपादक मात्र शेवटपर्यंत एकच ठेवा, आणि त्याला लेखनाचा वाटा आधीच कमी द्या.

नोंदींची लांबलचक इतिवृत्तं नकोत. प्रत्येक निर्णयाची एक ओळ पुरे : कोण, काय, कधीपर्यंत, आणि "झालं" म्हणजे काय. शेवटचा भाग बहुतेक गट सोडून देतात. "मीरा : पूर्वअभ्यास, गुरुवार" यातून मीराने चार दुवे पाठवायचे की सात पानं लिहायची, हे कुणालाच कळत नाही. "मीरा : ८ लेखांचा तक्ता, प्रत्येकी पद्धत, नमुन्याचा आकार, मुख्य निष्कर्ष, गुरुवार रात्री ९" असं लिहिलं की वादाला जागा उरत नाही.

---

जोडारी

वरचं सगळं पटलं. पण माझ्या मते गट फसण्याचं मोठं कारण वेगळं आहे. कामं वाटून सगळेच घेतात, जोडणी कोण, कधी आणि कशी करणार हे कुणी ठरवत नाही. पाच जण पाच प्रकरणं लिहितात आणि आदल्या रात्री ती एका फायलीत चिकटवतात. मग दिसतं की पद्धतीच्या प्रकरणात १२० प्रतिसाद आहेत आणि निरीक्षणांत ११२. एकाने "ग्राहक" लिहिलंय, दुसऱ्याने "वापरकर्ता", तिसऱ्याने "प्रतिसादक", आणि वाचणाऱ्याला हे तीन वेगळे गट वाटतात. तक्ता क्रमांक ३ तीन ठिकाणी आहे. प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर ठीक असतो, अहवाल म्हणून पार ढासळतो.

म्हणून आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करा. बारावा आठवडा फक्त सराव आणि सादरीकरणाचा. अकरावा संपादकाचा, बाकीच्यांनी फक्त शंकांना उत्तरं द्यायची. दहाव्या आठवड्याच्या शेवटी नवा मजकूर बंद, म्हणजे अगदी बंद. सातवा ते नववा विश्लेषण आणि लेखन. पाचवा-सहावा माहिती गोळा करणं. चौथा प्रश्नावलीची चाचणी. पहिले दोन आठवडे प्रश्न पक्का करणं आणि वाचन. राहिला तिसरा, आणि माझा सगळा जोर त्यावरच आहे.

तिसऱ्या आठवड्यात रिकामा अहवाल तयार करा. सगळी शीर्षकं, प्रत्येक भागाची पानं, रिकामे तक्ते, आलेखांच्या रिकाम्या चौकटी, संदर्भांची पद्धत, सगळं जागच्या जागी. ४० पानं असतील तर साधारण अशी वाटणी बसते : परिचय ४, पूर्वअभ्यास ७, पद्धत ६, निरीक्षणे १४, चर्चा ६, समारोप ३. मग १० बनावट प्रतिसाद स्वतःच भरा, फायलीला ठळक "बनावट" असं नाव द्या, आणि त्यावर विश्लेषण चालवून एक तक्ता त्या सांगाड्यात बसवून बघा. म्हणजे प्रश्नावली, आकडेवारीची फाईल, विश्लेषण, अहवाल ही साखळी एकदा टोकापासून टोकापर्यंत चालते. कुठे अडतं ते तेव्हाच कळतं, आणि तेव्हा दुरुस्ती तासाभराची असते. काम झालं की ती फाईल पुसून टाका, खऱ्या माहितीत तिची एक ओळही मिसळता कामा नये.

सर्वेक्षणात काय अडतं, त्याचे नमुने देतो. वयोगट २०-२५ आणि २५-३० असे ठेवले की २५ वर्षांच्या माणसाने कुठे खूण करायची? एका प्रश्नात १ म्हणजे "पूर्ण सहमत" आणि दुसऱ्यात ५ म्हणजे "पूर्ण सहमत", मग सरासऱ्यांची तुलना उलटी निघते. सगळ्यात फसवी असते ती रिकामी जागा. समजा पाच उत्तरांपैकी चार आली : ४, ५, ३, ४. एक जण न आलेलं उत्तर रिकामं ठेवतो, सरासरी ४ येते. दुसरा तिथे ० टाकतो, सरासरी ३.२ होते. दोघांनी निम्मीनिम्मी माहिती भरली असेल तर ही चूक नंतर नजरेला पडत नाही, कारण आकडे दिसायला बरोबरच असतात. माहिती भरायच्या आधी अर्ध्या पानाचे भरण्याचे नियम लिहा : प्रत्येक रकान्याचं नाव, त्यात चालणारी मूल्यं, उत्तर नसेल तर काय, "लागू नाही" असेल तर काय. प्रश्नावली गटाबाहेरच्या ८-१० जणांकडून भरून घ्या, आणि भरताना ते कुठे अडखळतात ते शेजारी बसून पाहा.

तुकडे पाडताना प्रकरणं वाटण्यापेक्षा एकमेकांवर अवलंबून असलेली कामं ओळखा. कशाशिवाय काय सुरू होत नाही, याचे बाण कागदावर काढा. प्रश्नावलीशिवाय माहिती नाही, माहितीशिवाय विश्लेषण नाही, पण पूर्वअभ्यास आणि पद्धतीचं लेखन यांना कुणाचीच वाट पाहावी लागत नाही. ज्या कामातून तीन बाण निघतात, म्हणजे ज्यावर तीन कामं अवलंबून आहेत, ते दोघांकडे द्या, एक करणारा आणि एक तपासणारा. विश्लेषण ज्याला येतं त्या एकट्याकडे सोपवून बाकीचे निर्धास्त झाले, तर त्याला ताप आला की सगळ्यांचं काम थांबतं.

आणि मुदतींबद्दल : आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसं सवयीने कमी लावतात. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीचं वर्णन केलं. उपाय म्हणजे "हे किती वेळात होईल" असं न विचारता "मागच्या वेळी असंच काम किती वेळात झालं होतं" असं विचारायचं. मागचा अहवाल लिहायला तीन आठवडे लागले असतील तर हा दीड आठवड्यात होणार नाही.

---

रकाना क

फायलींपुरतं लिहितो.

एकच सामायिक फोल्डर, त्यात चार उपफोल्डर : मूळ माहिती, विश्लेषण, अहवाल, जुने. मूळ माहितीची फाईल आली की ती फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा. साफसफाई, दुरुस्ती, गाळणी सगळं तिच्या प्रतीवर करा. मूळ फाईलच दुरुस्त केली की १२० चे ११२ कसे झाले हे परत कधीच सांगता येत नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात. गाळलेल्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायला एक रकाना ठेवा.

फायलींच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आणि दोन अंकी लिहा, म्हणजे नावाप्रमाणे लावल्या तरी काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला की ०१ तारखेच्या सगळ्या महिन्यांच्या फायली एकत्र येऊन बसतात. "अंतिम", "अंतिम नवीन", "खरंच अंतिम" ही नावं बंद करा. अहवालाची चालू प्रत नेहमी एकच असावी, आणि ती गप्पांच्या ग्रुपवर कधीही पाठवू नये. पाठवली की पाच फोनांत पाच प्रती होतात आणि दोघं वेगवेगळ्या प्रतींत दुरुस्त्या करून बसतात.

देवनागरीत लिहीत असाल तर सगळ्यांनी युनिकोड फॉन्टच वापरा. एकाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये दहा पानं टंकली की जोडताना ती निरर्थक चिन्हांत बदलतात. फॉन्ट, ओळींतलं अंतर आणि शीर्षकांच्या शैली तिसऱ्या आठवड्यातल्या त्या सांगाड्यातच ठरवा, आणि शीर्षकं हाताने ठळक न करता शैली लावूनच करा, तरच अनुक्रमणिका आपोआप बनते. तक्त्यांचे क्रमांकही आपोआपच पडू द्या.

विश्लेषणासाठी कोड लिहिणार असाल तर गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरा. छोटे छोटे कमिट (नोंदवलेले बदल), प्रत्येकाला स्वतःची ब्रँच (कामाची वेगळी शाखा), आणि दोन-तीन दिवसांत मुख्य ब्रँचमध्ये मर्ज, म्हणजे जोडणी. तीन आठवडे ब्रँच वेगळी ठेवली की मर्ज करताना इतके कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगवेगळे बदल) येतात की कुणाची तरी मेहनत पुसली जाते.

---

निळी शाई

फार उपयोगी. रिकाम्या अहवालाची कल्पना आजच सगळ्यांना सांगितली.

आता अवघड भाग. एक सभासद मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही. दुसरी व्यक्ती बैठकीला येते, काम वेळेत देते, पण बोलत अजिबात नाही. या दोन्हींना वेगवेगळं हाताळायचं का? आणि शिक्षकांना सांगणं म्हणजे चुगली वाटते, त्याचं काय?

---

प्रयोगवही

दोन्ही पूर्णपणे वेगळे प्रश्न आहेत, एकाच मापाने मोजू नका.

आधी काम न करणारा. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या जोराच्या जेमतेम निम्मा भरतो, असं त्याच्या आकड्यांत दिसतं. काही जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जातो. पण बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये टाळ्या आणि ओरडणं यांवर प्रयोग करून दाखवलं की ताळमेळाचा प्रश्न बाजूला काढला, तरी आपण गटात आहोत असं नुसतं वाटल्यानेही माणूस कमी जोर लावतो. त्याच तिघांनी १९८१ मध्ये पुढचं दाखवलं : प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की ही घट नाहीशी होते.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. "तू आणि तो मिळून पूर्वअभ्यास बघा" असं काम कधी देऊ नका. प्रत्येक तुकड्यावर एकच नाव असावं, आणि तो तुकडा आला की नाही हे सगळ्यांना एका तक्त्यात दिसावं. अशाने निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

तरी उद्भवला, तर पायऱ्या ठरलेल्या असाव्यात. मुदत चुकली की २४ तासांत एकाच व्यक्तीने खासगीत विचारायचं, सगळ्यांसमोर ग्रुपवर नाही. शब्द असे काहीतरी : "गुरुवारी ८ लेखांचा तक्ता यायचा होता, आला नाही. कुठे अडलंय का? शनिवारपर्यंत ३ लेख जमतील का, की हे काम दुसऱ्याकडे देऊन तुला दुसरं देऊ?" यात आरोप नाही, वस्तुस्थिती आहे, आणि उत्तर द्यायला सोप्या अशा दोन वाटा आहेत. "तू काहीच करत नाहीस" याला उत्तर म्हणून फक्त भांडण येतं.

बरेचदा आळस नसतोच. काम नेमकं काय आहे हे कळलेलं नसतं, किंवा ते येत नसतं आणि तसं सांगायची हिंमत होत नाही. म्हणून काम लहान करून द्या, आणि पहिला अर्धा तास कुणीतरी सोबत बसा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते इथे दोन्ही बाजूंना लागू आहे, विचारणाऱ्यालाही आणि अडलेल्यालाही.

दुसऱ्यांदा चुकलं की बैठकीत विषय घ्या, करारातलं कलम वाचा आणि नवी तारीख नोंदीत लिहा. तिसऱ्यांदा चुकलं की शिक्षकांकडे जा, त्या व्यक्तीला आधी सांगून आणि शक्यतो तिला सोबत घेऊन. ही चुगली नाही. पाठीमागून सांगितलं तर चुगली होते. ठरलेल्या पायऱ्यांप्रमाणे, नोंदी समोर ठेवून सांगितलं तर ती मदत मागणं आहे. फक्त हे पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत करा. अकराव्या आठवड्यात शिक्षकांच्या हातात वाटणी बदलण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. एक वाट मात्र अजिबात धरू नका : मनातल्या मनात धुमसत त्याचं काम गुपचूप करून टाकायचं आणि शेवटी गुण कापायचे. त्याला सुधारायची संधीच मिळत नाही, आणि तुमचे तास तर जातातच.

आता न बोलणारी व्यक्ती. तिथे दोष बहुधा बैठकीच्या पद्धतीत असतो. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं की गटात चर्चा सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींभोवतीच घुटमळते. फक्त एकालाच ठाऊक असलेली गोष्ट सहसा पुढे येत नाही, मग ती निर्णय बदलणारी का असेना. "कुणाला काही बोलायचंय का?" असं विचारून ती येत नाही. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा, प्रत्येकाने तीन ओळी सामायिक फायलीत लिहाव्यात, आणि बैठकीची सुरुवात त्या ओळी शांतपणे वाचून करा. कल्पना सुचवण्यासाठीही हेच बरं : एक बोलत असताना बाकीच्यांचं सुचणं थांबतं किंवा सुचलेलं विसरायला होतं, म्हणून आधी एकेकट्याने लिहायचं आणि मग एकत्र बोलायचं. आणि ज्याने सर्वांत जास्त बोलायची सवय लावून घेतली आहे, त्याला नोंदी लिहायला बसवा. लिहिताना आपोआप ऐकलं जातं.

---

उत्तरपत्रिका

एकमेकांना द्यायच्या गुणांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण तयारी पहिल्या आठवड्यातच करावी लागते.

अनेक ठिकाणी हिशेब असा असतो : तुम्हाला सहकाऱ्यांकडून मिळालेल्या गुणांची सरासरी भागिले गटाची सरासरी, आणि त्या गुणकाने गटाचे गुण गुणायचे. गटाला ५० पैकी ४० मिळाले, गटाची सरासरी ४ आणि एखाद्याची ३.४ असेल तर गुणक ०.८५, म्हणजे त्याला ३४. ज्याची सरासरी ४.४ त्याला ४४. स्वतःला दिलेले गुण धरतात की नाही, गुणकाला वरची-खालची मर्यादा आहे की नाही, हे ठिकाणाप्रमाणे बदलतं. ते शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात विचारा, आणि गुणदानाचा तक्ता हातात असल्याशिवाय पानांची वाटणी करू नका. सादरीकरणाला ३० टक्के गुण असताना सगळा जीव अहवालात ओतणारे गट दर वर्षी दिसतात.

इथे एक मानवी स्वभाव आडवा येतो. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की एकत्र केलेल्या कामात प्रत्येक जण आपला वाटा जास्त धरतो, कारण आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं. पाच जणांना आपापल्या वाट्याचे टक्के लिहायला सांगा, बेरीज बहुधा शंभराच्या पुढे जाते. कुणीही खोटं बोलत नसतं. यावर उपाय आठवणीवर न विसंबणं हाच आहे. दर आठवड्याला प्रत्येकाने सामायिक तक्त्यात दोन ओळी लिहायच्या : काय केलं, किती तास लागले. ज्या कामाला पान नसतं तेही त्यात यायला हवं, म्हणजे खोली मिळवणं, प्रतिसादकांना फोन करणं, दुसऱ्याचा मसुदा तपासणं. ही कामं करणाऱ्यांना शेवटी हमखास कमी गुण पडतात.

आणि खरे गुण द्यायच्या आधी एक रंगीत तालीम घ्या. सहाव्या आठवड्यात त्याच निकषांवर एकमेकांना गुण द्या, न मोजले जाणारे, आणि प्रत्येकाला दोन वाक्यं : काय चालू ठेव, काय बदल. "तू उशीर करतोस" न म्हणता "मागच्या चारपैकी तीन तक्ते एकेक दिवस उशिरा आले, त्यामुळे विश्लेषण सोमवारी सुरू झालं" असं म्हणा.

सादरीकरण : १५ मिनिटं असतील तर मजकूर १३ मिनिटांचा ठेवा. पाच जणांनी बोलायचं तर चार वेळा हस्तांतर होतं, आणि माईक, स्लाइड, "आता पुढचा भाग माझा सहकारी सांगेल" यांत प्रत्येक वेळी काही सेकंद जातात. पुढच्या वक्त्याचं पहिलं वाक्य आधीच्या वक्त्याच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहा. तीन सराव हवेत : पहिला घड्याळ लावून, दुसरा खऱ्या खोलीत खऱ्या प्रोजेक्टरवर, तिसरा असा की प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग सांगायचा. या तिसऱ्या सरावामुळेच प्रश्नोत्तरांत "तो भाग मी केला नाही" असं म्हणायची वेळ येत नाही.

---

निळी शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. करार लिहून पाहिला, चुका सांगाल का?

१. बैठक दर बुधवारी ४.०० ते ४.४५. विषयपत्रिका मंगळवारी रात्री ८ पर्यंत.
२. मेसेजला २४ तासांत उत्तर. काम जमणार नसेल तर मुदतीच्या ४८ तास आधी कळवायचं.
३. प्रत्येक कामावर एकच नाव. "झालं" म्हणजे काय ते नोंदीत.
४. प्रत्येकाने आपापलं प्रकरण तपासून, निर्दोष करून द्यावं.
५. तीनदा मुदत चुकली तर शिक्षकांना कळवू.
६. दहाव्या आठवड्याच्या शेवटी सर्व प्रकरणं जोडून पूर्ण मसुदा.

---

जोडारी

पहिली तीन कलमं उत्तम. पुढची तीन बदला.

चौथ्यात "निर्दोष" काढा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, आणि निर्दोष करायच्या नादात माणूस मसुदा दाखवतच नाही. त्याऐवजी असं लिहा : "प्रत्येक प्रकरणाचा कच्चा मसुदा सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी सामायिक फायलीत, अर्धवट असला तरी. निरीक्षणांत तोवर रिकामे तक्ते आणि खालची वाक्यं पुरेत. तो दुसऱ्या एकाने तीन दिवसांत वाचून शेरे द्यायचे." कोण कुणाचं वाचणार ती नावंही आत्ताच लिहा. पद्धत आणि निरीक्षणे एकमेकांच्या लेखकांनी वाचावीत, १२० आणि ११२ चा घोळ तिथेच पकडला जातो.

पाचव्यात पहिल्या दोन पायऱ्या गाळल्यात. खासगी विचारणा आणि बैठकीतली नोंद त्यात यायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला ते कलम धमकीसारखं वाटतं.

सहाव्यात जोडणी एकदाच आणि शेवटी ठेवलीत. ती दर बुधवारी व्हायला हवी, आणि पहिली तिसऱ्याच आठवड्यात, रिकाम्या सांगाड्याची. संपादकाने बैठकीच्या आधी चालू अहवाल एकदा उघडायचा, अनुक्रमणिका ताजी करायची, तुटलेले तक्ता-क्रमांक आणि न जुळणाऱ्या संज्ञा यांची यादी करायची. २० मिनिटांचं काम आहे. ती यादी बैठकीचा पहिला विषय ठेवा. आणि संपादक कोण हे तुमच्या करारात कुठेच नाही, ते नाव सोमवारच्या आत लिहून टाका.